एकट्याचा विमा

ती गेल्याचं विमा कंपनीला कळलं, त्याच दिवशी त्याचाही विमा संपला. पॉलिसी तिच्या नोकरीची होती. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यावर ती देखरेख करायची, आणि नवरा म्हणून त्याचं नाव तिच्या नावाखाली होतं. फोनवरच्या माणसाने आधी दुःख व्यक्त केलं. मग सांगितलं, महिनाअखेरपर्यंत स्वतःचा खाजगी विमा काढा. या परक्या देशात विम्याशिवाय राहण्याचा परवाना वाढत नव्हता. परवाना गेला की लिफ्टदुरुस्तीचं काम जाणार, आणि दोघांनी मिळून लावलेलं घरही जाणार.

मेहुण्याने त्याला एका सल्लागार बाईकडे आणलं. बाई आपल्याच भाषेतली, वयाने मुलीसारखी. तिने दोन योजनांची माहितीपत्रकं समोर ठेवली. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. उजवा पाय थांबत नव्हता. मग उठून बाहेरच्या लिफ्टच्या दारापर्यंत जाऊन आला.

"भावोजी, बसा की," मेहुणा म्हणाला. "लिफ्ट त्यांची आहे."

"दार घासतंय तिचं. रोलर गेलाय."

"जाऊ दे. आज आपण तुमचं बघायला आलोय."

तो बसला. बाईने समजावलं. पहिल्या योजनेत हप्ता कमी, पण दर वर्षी सुरुवातीचा खर्च आपल्या खिशातून करायचा. दुसरीत हप्ता जवळजवळ दुप्पट, पण हॉस्पिटलचा सगळा खर्च कंपनीचा.

"म्हणजे स्वस्तातली घेतली तर आजारी पडायची सोय नाही," मेहुणा म्हणाला, "आणि महागातली घेतली तर आजारी पडल्याशिवाय पैसे वसूल नाहीत."

बाई हसली. त्यालाही हसायचं होतं. त्याने एक पत्रक उचललं, खाली ठेवलं, दुसरं उचललं.

"काका, आधी तब्येतीचे प्रश्न घेऊ. त्यावरून कुठली परवडेल ते कळेल. फक्त खरं सांगा हं. चुकीचं लिहिलं तर पुढे पैसे द्यायच्या वेळी कंपनी हात वर करते. कुठल्या औषधाची अॅलर्जी?"

"पेनिसिलीन. अंगभर पुरळ येतं. जीभसुद्धा सुजते."

"रक्तगट?"

"ओ निगेटिव्ह."

"वा! पाठ आहे सगळं. नाहीतर पुरुषांना काही विचारायची सोय नसते. ऑपरेशन झालंय कुठलं?"

"पित्ताशयाचं एक. खडे होते. मग दोन वर्षांनी गर्भाशय काढलं."

बाईचं पेन थांबलं. मेहुणा भिंतीकडे बघू लागला.

"काका," बाई हळूच म्हणाली, "मी तुमचं विचारतेय."

त्याने दोन्ही तळहात गुडघ्यांवर घासले. "हो. ते... हे तिचं झालं."

मग तोच म्हणाला, "डॉक्टरकडे आमचं असंच असायचं. तिचं मी सांगायचो, माझं ती सांगायची. तिला स्वतःचं सांगताना लाज वाटायची. आणि माझं म्हणायची, 'हे काय सांगणार, यांना सगळं बरंच असतं.'"

"ताईला रेटून खोटं बोलता येत नव्हतं, तुम्हाला येतं," मेहुणा म्हणाला. "म्हणून म्हणायची."

बाईने लिहिलेलं खोडलं आणि नवा कागद घेतला.

"बरं. आता तुमचं. रक्तगट?"

त्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने खांदे उडवले.

"राहू दे. रोजची औषधं काही?"

"एक गोळी. सकाळी."

"कशाची?"

"पांढरी."

"काका, कशासाठी?"

"ती चहाबरोबर हातावर ठेवायची. मी घ्यायचो."

"घरी पाकीट असेल ना? त्यावर नाव असतं."

"ती गोळ्या सोडवून डबीत भरायची. पाकीट टाकून द्यायची. घरात पसारा नको म्हणून."

"मग त्या डबीतली आता तुमची तुम्ही घेताय ना?"

त्याचा पाय पुन्हा हलायला लागला.

"भावोजी?"

"ती गेल्यापासून नाही घेतली."

बाईने पेनाला टोपण लावलं. दोन्ही पत्रकं बाजूला सारली. "आज हे काही भरायचं नाही. सरळ डॉक्टरकडे जा. त्यांच्याकडे नोंद असेल. रक्तदाबाची असेल, थायरॉइडची असेल, काहीही असेल. अशी एकदम बंद करायची नसते. त्रास होतोय का काही? झोप लागते?"

"झोप नाही. छातीत धडधडतं. पाना धरला की हात थरथरतो. एका जागी बसवत नाही."

"मला का नाही सांगितलंत?" मेहुण्याचा आवाज चढला.

"तुला दिसत होतंच की."

"दिसत होतं. मला वाटलं, ताई गेली म्हणून."

"मलाही तसंच वाटलं."

बाईने पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. त्याने तो घेतला, पण पाणी प्यायला नाही.

"गोळी सुरू केली की हे सगळं थांबेल?" त्याने विचारलं.

"थांबेल की," मेहुणा म्हणाला. "दोन-चार दिवसांत ठणठणीत व्हाल."

त्याला ते आवडलं नाही; हे सगळं गोळीने थांबलं, तर ते ती गेल्याचं नव्हतंच असं ठरणार होतं. तो उठला आणि जिन्याने खाली गेला. मेहुणा पत्रकं गोळा करून मागोमाग धावला.

महिना संपत आला होता. डॉक्टरकडे जायचं राहिलं होतं, आणि योजनाही निवडायची राहिली होती.