पट्टी कुणाकडे?

बाबांचं दुकान म्हणजे चार्जर दुरुस्तीचं एक टेबल. अलीकडे बाबा, पलीकडे आई. बहुतेक चार्जरमध्ये बदलायचा असायचा तो शॉट्की डायोड: तांदळाच्या कणीएवढा काळा तुकडा, एका टोकाला पांढरी पट्टी. हा करंटला एकाच दिशेने जाऊ देतो आणि वाटेत फारसे व्होल्टही खात नाही.

"जाऊ देतो आणि डोकंही खात नाही," बाबा लेकीला सांगायचे, "तुझ्या आईच्या अगदी उलट!"

"मग त्याच्याशीच करायचा होता संसार," आई पलीकडून म्हणायची आणि डायोडचा चिमटा त्यांच्या हातात द्यायची.

डायोड उलटा बसला की चार्जर ठप्प. पण बाबांनी डावं-उजवं कधी लक्षात ठेवलंच नाही. पट्टी आईकडे केली की काम फत्ते!

आई गेली. बऱ्याच दिवसांनी बाबा पुन्हा टेबलाशी बसले, तेव्हा लेकीचा जीव भांड्यात पडला. पण दुरुस्त केलेले चार्जर एकामागून एक परत यायला लागले. तिने भिंग लावून पाहिलं.

"बाबा, अहो, सगळे डायोड उलटे बसवलेत तुम्ही!"

"काहीतरीच काय! नीट बघ. पट्टी तुझ्या आईकडेच आहे."

पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवायला तिने हात उचलला आणि तो तसाच राहिला. आईचा फोटो बाबांच्या मागच्या भिंतीवर होता. सारखा समोर दिसून ते रडत बसू नयेत, म्हणून तिनेच तिथे लावलेला.