मत विकणे नाही

जाम चौरस्त्यावरच्या कडुनिंबाला बांधलेल्या दोरीवर सत्तर पिशव्या लटकत होत्या, आणि अकरा वाजून गेले तरी एकही खपली नव्हती. जाड कापडाच्या, लांब बंदाच्या, दोन किलो वांगी टाकली तरी उसवणार नाहीत अशा. प्रत्येकीवर निळ्या ठसठशीत अक्षरांत छापलेलं होतं: ‘माझे मत विकणे नाही’.

ही ओळ तानाबाईला घराशेजारीच सापडली होती. बोरगाव मेघेत रिकाम्या प्लॉटांवर ‘हा प्लॉट विकणे नाही’ अशा पाट्या जागोजागी. एक दिवस शिलाई मशीनवर बसल्या बसल्या ती म्हणाली, “माह्या मताले बी अशी एक पाटी लावाले पायजे.” लेक पौर्णिमा सेवाग्रामच्या दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि घरी आली की नवा कॅमेरा काही हातातून ठेवत नसे. तिनं ते बोलणं टिपलं, सायबर कॅफेत दोन तास ठाण मांडलं आणि यूट्यूबवर चढवलं. विधानसभेची निवडणूक जवळ येईपर्यंत असे सहा व्हिडिओ झाले. तानाबाई फॉल लावता लावता एकेका उमेदवाराची खरडपट्टी काढायची आणि शेवटी दातांनी दोरा तोडून म्हणायची, “मशीन माही, सुई माही, अन् मत बी माहंच!”

सहाव्या व्हिडिओत तिनं जाहीरच करून टाकलं होतं: रविवारी जाम चौरस्त्यावर येजा, पिशव्या घेऊन जाजा. यूट्यूबवरचा आकडा तेव्हा चारशे अकरावर होता. चारशे अकरा माणसं! तानाबाई सकाळीच ठेवणीतली साडी नेसून आली होती. पिशव्यांचं काय, खपल्या तर खपल्या. तिला ती माणसं पाहायची होती. महिनाभर ती त्या काचेच्या भोकात पाहून बोलत होती, पण पलीकडे खरंच कुणी बसलेलं असतं की नाही, हे तिला आजवर कळलेलं नव्हतं.

बसगाड्या आल्या. लोक उतरले, चहा-भजी झाली, लोक चढले, बसगाड्या गेल्या.

“पौर्णिमा, ते चारशे अकरा कुठं मेले वं?”

पौर्णिमा पिशव्यांचे बंद सारखे करत राहिली. “माय, खरं सांगू? त्यातले शंभरेक तं मीच हावो. कॅफेत बसून लावत राहो. अन् थोडे माह्या डिपार्टमेंटवाले.”

तानाबाई हसली, पण चेहरा पडायचा तो पडलाच.

तेवढ्यात एक जीप येऊन थांबली आणि गळ्यात पक्षाचा दुपट्टा अडकवलेला एक तरुण खाली उतरला. निकेश त्याचं नाव, साहेबांचा प्रचार सांभाळायचा. त्यानं एक पिशवी दोन्ही हातांनी ताणून पाहिली.

“काकू, साऱ्या बांधा. अन् आनखी दोनशे शिवून द्या. नगद घ्या.”

“इतक्या कायले?”

“घरोघरी वाटाच्या हायत. साहेबाकडून भेट. वर पिशवी, आतमंदी साडी.”

तानाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं. “बाबू, तुले वाचता येते?”

“येते ना. बी.ए. हावो.”

“मंग वाच.”

निकेशनं वाचलं. चांगलं मोठ्यानं वाचलं. मग कान खाजवत म्हणाला, “लिवलं मस्त हाय. पब्लिकले आवडते.”

“देऊन टाक न माय,” पौर्णिमा कानाशी कुजबुजली. “दिवसभर कोन बसन इथं?”

तानाबाईनं बंद त्याच्या हातातून सोडवून घेतला. “एका मानसाले एक. अन् ज्याले पायजे त्यानं स्वतः यावं. मी आवतन देऊन बसली हावो. माहा व्हिडिओ पाहून कोनी आलं, तं त्याले काय दोरी दाखवू?”

निकेश हिरमुसला. वळला, चार पावलं गेला आणि मान हलवत स्वतःशीच पुटपुटला, “मशीन माही, सुई माही...”

तानाबाई ताडकन उठली. “ए बाबू! काय म्हनलं तू?”

“कुठं काय, काकू.”

“हे तं कॅमेऱ्यापुढंच म्हनलं होतं मी. तुले कसं मालूम?”

निकेशनं जीपकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “पाह्यले ना आम्ही. साहाच्या साहा. साहेब हापिसातून गेले का लावतो. तिसऱ्यात तुमी आमच्या साहेबाले जे धुतलं, काकू! पोट्टे हसून हसून लोळले. त्या चारशेतले दीडशे तं आमचेच असतीन.”

तानाबाईला आनंद कुठं ठेवू न् कुठं नको असं झालं. पलीकडे माणूस होता! दुपट्टेवाला का असेना, पण खराखुरा, बी.ए. झालेला माणूस होता. तिनं दोरीवरची सगळ्यात सरळ शिलाईची पिशवी काढून त्याच्यापुढे धरली.

“घे. पन्नास रुपये.”

“काकू, आपल्या मानसाले बी?”

“आपल्याच मानसाले. दुसऱ्याले तं देतच नाई.”

निकेशनं पैसे दिले. गळ्यातला दुपट्टा काढला, घडी करून पिशवीत टाकला आणि पिशवी खांद्याला लावली. जीपमधून हाक आली, “साऱ्या घेतल्या का बे?”

“एका मानसाले एकच देऊन राह्यली काकू. उतरा खाली!”

चौघं खाली उतरले, त्यांत ड्रायव्हरही होता. कडुनिंबाखाली रांग लागली. तानाबाई एकेकाचा चेहरा डोळे भरून पाहत पिशव्या देत होती आणि जो तो तिला तिच्याच व्हिडिओतलं एकेक वाक्य ऐकवत होता.

“पौर्णिमा, कॅमेरा काढ वं. हे माह्ये मानसं हायत.”

पौर्णिमानं कॅमेरा रोखला.

“ओ ताई, नको! साहेब पाहतीन!” निकेश ओरडला, आणि पाचही जणांनी झटकन पिशव्या तोंडापुढे धरल्या.

फोटो मात्र छान आला. हसणारी तानाबाई, आणि तिच्या मागं ओळीनं पाच वेळा, ‘माझे मत विकणे नाही’.