दाराशी रचलेली भांडी

"आई, आजच्या दिवस तरी ती भांडी आत ठेव ना," वर्षाराणीनं पुन्हा विनवलं. उमाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर पालथा तांब्या, तांब्यावर फुलपात्र, फुलपात्रावर वाटी आणि वाटीवर आडवा झारा, असा मनोरा त्यांनी नीट बसवला.

लातूरच्या भूकंपापासूनची ही सवय. जमीन हलली की भांडी पडतात, भांडी पडली की माणूस बाहेर पळतं, इतकं साधं यंत्र. तेव्हा सगळं लातूरच अशी भांडी रचून झोपायचं. पुढे लोक विसरले. गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या आणि उमाबाई शिकवणीच्या पोरांना डबे देऊ लागल्या, पण मनोरा काही मोडला नाही. आता त्या लेकीकडे जपानला आल्या, तर ज्वारीच्या पिठाबरोबर तांब्याही आला. इथं भूकंपाची वर्दी आधी मोबाईलवर येते, इमारत नुसती डोलते, पडत नाही, हे वर्षाराणीनं परोपरीनं समजावलं होतं. मोबाईल चार्जिंगला लावून माणूस न्हाणीत असला तर काय, एवढंच उमाबाईंनी विचारलं.

वर्षाराणीला धास्ती भूकंपाची नव्हती, ओशिमाबाईंची होती. या घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. भाडेकरार संपत आला होता आणि परक्या देशातल्या माणसाला दुसरं घर सहजासहजी मिळत नव्हतं. त्यात रोजच्या भाकऱ्यांची थपथप थेट ओशिमाबाईंच्या डोक्यावर. इतकी वर्षं डबे भरलेला तो हात, त्याला हळू थापणं जमतच नव्हतं. तक्रार आली, म्हणून वर्षाराणीनं त्यांना संध्याकाळी जेवायलाच बोलावलं होतं.

ओशिमाबाई आल्या. त्यांनी भाकरी उलटून पालटून दोन्ही बाजूंनी पाहिली. शेंगदाण्याची चटणी जिभेवर ठेवली, डोळे पुसले आणि पाणी पिऊन छान आहे म्हणाल्या. मग वर्षाराणीनं आपली नेहमीची गोष्ट काढली. भूकंप झाला तेव्हा ती पाळण्यातली. आईनं तिला गोधडीत गुंडाळलं, छातीशी धरलं आणि धावत रस्ता गाठला. दिव्याखाली जाऊन गोधडी उलगडली, तर आत उशी. पोरीला मग बाबांनी आणलं, ती अजून झोपलेलीच. या गोष्टीवर सगळं गणगोत पोट धरून हसायचं. उमाबाईंना जपानी कळत नव्हतं, पण गोधडी उलगडायचे हातवारे कळले. त्या मुकाट्यानं उठल्या आणि आणखी एक भाकरी थापायला आत गेल्या.

ओशिमाबाई हसल्या नाहीत. कराराचं विचार करून कळवते म्हणाल्या. इथल्या रीतीत त्याचा अर्थ 'नाही' असाच होतो, हे ठाऊक असल्यानं वर्षाराणीचं तोंड एवढंसं झालं. ती त्यांना पोचवायला दाराशी गेली. ओशिमाबाई बूट घालायला वाकल्या आणि त्यांच्या पर्सचा पट्टा झाऱ्यात अडकला.

सगळा मनोरा खणखणत खाली आला.

उमाबाई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून सुटल्या. दाराशी जे पहिलं मनगट हाती लागलं ते धरलं आणि अनवाणी जिना उतरू लागल्या. "वर्षे, भिऊ नगं. या खेपेला सोडत न्हाई तुला," असं त्या पायरीगणिक म्हणत होत्या. मागून वर्षाराणी "आई, मी इकडंय," असं ओरडत होती, पण ऐकायला थांबतंय कोण.

खाली अंगणातल्या दिव्याखाली पोचल्यावर उमाबाईंनी मागं वळून पाहिलं. हातात ओशिमाबाई होत्या. एका पायात बूट, दुसरा पाय नुसता आणि काळ्या कोटाच्या बाहीवर पिठाची पाच बोटं.

वर्षाराणी धापा टाकत आली. घर हातचं गेलं, हे तिला कळून चुकलं. पण त्याहून जिन्यातलं ते वाक्य तिच्या मनात रुतलं होतं. आईनं ती उशी इतकी वर्षं उरात ठेवली होती आणि आपण तिच्यावर चारचौघांना हसवत आलो. तिला रडूच कोसळलं.

ही काय म्हणत होती, ओशिमाबाईंनी विचारलं. वर्षाराणीनं डोळे पुसत सांगितलं. उमाबाई ओशाळून पदरानं बाहीवरचं पीठ झटकायला गेल्या, तर ओशिमाबाईंनी हात मागं घेतला.

"मागल्या खेपेला उशी हुती," उमाबाई लेकीला पुटपुटल्या. "या खेपेला माणूस तरी हाय."

हेही सांग म्हणून ओशिमाबाई अडून बसल्या. मग सांगावं लागलं. त्यांनी आयुष्यात पुष्कळ भूकंप पाहिले होते, त्यातले बरेचसे टेबलाखाली एकटीनं बसून. त्या बाहीवरच्या बोटांकडे बघत राहिल्या. कोट मात्र झटकला नाही.

"करार वाढवते," त्या म्हणाल्या. "अट एकच. पुढच्या भूकंपातही तुझ्या आईनं हीच चूक करायची."