गारगोटीची तोंडी परीक्षा

रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी कचोरी चावत गारगोटी पुढे सरकवली. "हिच्यातले रेणू एकमेकांना कशाने धरून असतात?"

"हिच्यात सुटे रेणूच नसतात, सर. बंध ध्रुवीय असले तरी प्रत्येक अणू शेजारच्यांशी पक्का बांधलेला असतो. अख्खा खडा म्हणजे एकच जाळं."

"माझं गाईड वाचलेलं दिसत नाही," सर हसले. "बंध ध्रुवीय, म्हणून रेणू एकमेकांना नुसते ओढतात. ओढ हलकी, म्हणून खडा पटकन फुटतो. बघ."

मी आमच्या देवस्थळी मॅडमकडे पाहिलं. जाळ्याचं हे सगळं त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी सरांच्या बशीत आणखी एक कचोरी वाढली.

सरांनी चिनी मातीचा बत्ता उचलून गारगोटीवर दाणकन हाणला. बत्त्याचे दोन तुकडे झाले. गारगोटीवर ओरखडाही नव्हता.

"कॉलेजचं सामान निकृष्ट आहे," सर म्हणाले.

"हो ना, सर." मॅडम माझ्याकडे वळल्या. "बत्त्याची भरपाई तू करायचीस. उलट उत्तर दिलं नसतंस, तर सरांना तो उचलावा लागला असता का?"