कपाचा कान

लकव्यानंतर हिंदुराव कुंभारांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. सून सुनंदा उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून शेवेच्या सोऱ्यासारखं मोठं यंत्र करवून घेऊन आली. माती भरून दांडा दाबला की चकतीच्या भोकातून सलग पट्टी निघायची. तिचे तुकडे वाकवून कपांचे कान व्हायचे. "मशीनच्या कानाला माणसाचा हात लागत नाही," म्हणत सासऱ्यांनी तोंड फिरवलं. पूर्वी ते प्रत्येक कानावर अंगठा ओढून खाच पाडायचे; चहा पिणाऱ्याचा अंगठा तिथंच टेकायचा. सुनंदानं दांडा दाबला. ओली पट्टी तिनं त्यांच्यापुढं ठेवली. मधोमध उथळ खाच होती. त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलून अंगठा खाचेत ठेवला. नेमका बसला. "तुमचा जुना कप दाखवून चकती कापून घेतली, आबा." "मला न विचारता माझा अंगठा कॅम्पात नेलास? सरक, दांडा मी दाबतो."