चिकटवलेला धडा

स्टाफरूममधली किटली उकळत होती, पण चहा कुणालाच मिळत नव्हता. विज्ञानाच्या बाई शाळेची पुस्तकं एकेक करून वाफेवर धरत होत्या आणि डिंकानं चिकटवलेली पानं पट्टीनं अलगद सोडवत होत्या. धडा होता वयात येण्याचा. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. "पालक शाळेवर मोर्चा आणतील, बाई. शिकवायचंच असेल तर मुलींना शिकवा, मुलांना मैदानावर पाठवा." "गेल्या वर्षी एका मुलीच्या स्कर्टवर डाग पडला, सर. आपण आता मरणार, असं समजून ती तासभर बाथरूममध्ये रडत बसली होती. आणि बाहेर हसत कोण उभं होतं? हीच मुलं. तीसुद्धा आज वर्गातच बसतील." मुख्याध्यापकांनी एक सुटलेलं पान निरखलं. "पानं इतकी पक्की चिकटवली होती कुणी?" बाईंनी पुढचं पुस्तक वाफेवर धरलं. "मीच. तेव्हा तुमच्यासारखीच घाबरले होते."