आडनावाचा रकाना

सहलीआधीच्या मेळाव्यात सगळ्यांना टोप्या वाटल्या, कालिंदीबाईंना तेवढी मिळाली नाही. सहल कंपनीचे मालक परचुरे त्यांना कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "तुमचं जमणार नाही. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर प्रवेश नाही, असा नियम आपण जातोय त्या देशानं परवाच काढलाय."

"मग पैसे परत द्या."

"कागद अपुरे तुमचे, बाई. नवऱ्याचं आडनाव लावलं असतं तर अंग झिजलं असतं का?"

नवऱ्यानं घराबाहेर काढलं, त्या दिवशी त्याचं आडनाव त्याच्याच उंबऱ्यावर ठेवून बाई निघाल्या होत्या. पुढं वीस वर्षं लोकांचे पापड लाटले, तेव्हा कुठं ही सहल जमली होती.

"बुकिंगला पासपोर्ट तुम्हीच तपासलात. नियम नंतर बदलला, त्यात माझा काय दोष?"

"जा कोर्टात!" परचुरे हसले आणि मंचावर जाऊन साखरेच्या आवाजात म्हणाले, "चला, आता महिलांनी उखाणे घ्यायचे!"

फिरत आलेला माईक कालिंदीबाईंनी घट्ट धरला.

"तपासून घेतला पासपोर्ट, नियम मागनं फिरला,
परचुरेरावांच्या खिशात माझा सगळा पैसा जिरला!"

हशा उसळला आणि एकाएकी विरला. "म्हणजे उद्या आमचंही असंच?" मागून कुणीतरी विचारलं.

परचुरे धावत खाली आले. "उद्या ऑफिसात या, चेक देतो," ते दातओठ खात पुटपुटले.

"उद्या कशाला?" माईक न सोडता बाईंनी खुर्ची ओढली. "तुम्ही आत्ताच लिहा. तोवर मला पुष्कळ उखाणे येतात."